लूप चौऱ्याऐंशी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली स्प्रिंगा बनवणाऱ्याचा प्रेस,
वर आमचा स्टुडिओ,
म्हणून कुजबुजीतलं सगळं प्रेम
आम्ही दुपारी एक ते दोनमध्ये उरकतो,
खालच्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.

शाल्मली कर्णिकचे अकरा सिनेमे मी बोलले.
ती रडली तेव्हा हुंदका माझा.
ती लाजली तेव्हाचा तो बारीक इश्श
मी सकाळी साडेसातला, अनशापोटी,
सहा वेळा केलेला.

तिचा आवाज जाड, निर्माते म्हणाले.
खरखरीत. शेंबड्या पोराचा.
नायिकेला शोभत नाही.
चरईतली मुलगी, शाळेच्या गॅदरिंगला
हिला म्हणे दरवर्षी सरदाराचं काम.
मी कळव्याची, कुंदा केणी.
माझा आवाज सायीसारखा, असं परबसर म्हणत
आणि चेक द्यायला चार महिने लावत.

एकदाच भेटलो. इथल्याच जिन्यात.
ती वर येत होती, मी खाली.
"तुम्हीच ना मी?" तिनं विचारलं,
त्याच खरखरीत गळ्यानं.
मी हो म्हटलं,
आणि पुढे दोघींनाही काही सुचेना.
संवाद लिहिलेलाच नव्हता कुणी.

मग ती तिकडे गेली.
पोस्टरवर आडनाव नाही. नुसतं शाल्मली,
तेही त्यांच्या तोंडात बसेल तसं, शलमाली.
बंदराचं गाव, सतत वारा,
होड्या दुरुस्त करणारा एक विधुर.
दोन तासांत तो तिचा हात तीनदा धरतो,
त्यातला एकदा होडीतून उतरवताना.
आणि तिचा घसा त्यांनी तसाच ठेवला.
कुणी लिहिलं, या आवाजात लाकडाचा धूर आहे.
मी ते मेथी निवडताना वाचलं,
मेथीखालच्याच पेपरात.

आता तोच सिनेमा मराठीत येतोय.
"ताई, तुमच्याशिवाय कोण?"

आधीही कानात तीच असायची म्हणा,
पण शूटिंगवरची, भरभर उरकणारी,
आपण पुसले जाणार हे माहीत असलेली.
या खेपेला ती सावकाश बोलत होती.
श्वाससुद्धा सांभाळून घेत होती,
पाहुण्यांसाठी काढलेल्या कपासारखा.

लूप चौऱ्याऐंशी.
धक्क्यावर ती, तो, आणि एक ओला कुत्रा.
ती म्हणते, आय लव्ह यू.
कागदावर: माझं तुझ्यावर प्रेम आहे.
"बसत नाही," ऑस्टिन म्हणाला,
"दहा अक्षरं झाली, तिचं तोंड तिनातच थांबतं."
मी तिला पुन्हा पाहिलं. पुन्हा. आवाज बंद करून.
मधेच दात खालच्या ओठाला टेकतात,
शेवटी ओठांचा चंबू.
व. मग ऊ.

"हवास तू," मी म्हटलं.

बसलं.
साबण लावलेल्या हातात बांगडी जावी, तसं.

पण म्हटलं ते कुठून?
साय बाजूला सरली होती
आणि खालून आली ती आईची हाक,
भरती लागली की खाडीकाठावरून
भावाला मारायची ती,
चिखल, जाळी, रेल्वेचा पूल ओलांडून जाणारी.
पहिल्या ऑडिशनच्या दिवशी
मी ती घरी ठेवून आले होते.
तेव्हा एकोणीस वर्षांची होते,
वाटलं, संध्याकाळी परत गेल्यावर आहेच.

ऑस्टिननं काचेवर टकटक केलं.
"कुंदाताई, सर्दी झालीय? लिंबूपाणी मागवू?"
मागव म्हटलं.

दोनला पाच कमी.
दुसरा टेक सायीतला दिला, त्यांना लागतो तसा.
वरचे लोक शुक्रवारी ऐकतील,
कुठला ठेवतील, मला काही सांगणार नाहीत.
एवढं मात्र मी उभं राहून पाहिलं:
ऑस्टिननं पहिला पुसला नाही.
थोडा वेळ डोकं खाजवलं,
मग फाइलीला नाव दिलं,
कुंदा जाड,
आणि खाली प्रेस सुरू झाला.